रंग उतरलेलं पाणी

ऊन गेलं तेव्हा खैरमोडे बाईंनी घड्याळाकडे पाहिलं नाही. त्यांनी टाकीतल्या पाण्याकडे पाहिलं, आणि मला तेच अधिक अवघड वाटलं. घड्याळाशी माणसाला हुज्जत घालता येते, पाण्याशी नाही.

पाणी लाल होतं. सकाळी होतं त्याहून थोडं फिकट, पण लालच. पंप ते उचलून उतरत्या काचेवर सोडत होता, काचेवरून त्याचा पातळ पदर घरंगळत पुन्हा टाकीत येत होता. त्या काचेवर आम्ही प्रयोगशाळेत बनवलेल्या पांढऱ्या भुकटीचा थर बसवला होता. भुकटीचा एकेक कण असा, की केसाच्या जाडीत हजारो सहज मावावेत. तिच्यावर ऊन पडलं की ती जागी होते, पाण्यातल्या रंगाचे रेणू तोडत जाते, आणि स्वतः मात्र झिजत नाही. उन्हाशिवाय ती भिंतीवरच्या चुन्याइतकीच मुकी. सोलापुरात उन्हाचा तुटवडा पडेल हे आमच्यापैकी कुणाच्याही मनात आलं नव्हतं. मार्गशीर्षातली दुपार, आणि तुळजापूरच्या बाजूनं राखेसारखे ढग येऊन आमच्या अंगणावर बसले होते.

ते अंगण आमच्या डाईंगचं. सोलापूरच्या पूर्वभागात सुताला रंग देणाऱ्या कारखान्याला सगळे डाईंगच म्हणतात. चादरींचं, टॉवेलांचं सूत तिथं कुंडात बुडतं, रंगतं, पिळलं जातं, आणि उरलेलं पाणी गटारानं नाल्याला जातं. आमच्या गल्लीतली सगळी डाईंग नाल्याला अशीच जोडलेली. प्रदूषण नियंत्रण मंडळाची नोटीस आली होती : पाण्यावर उपाय दाखवा, नाहीतर महिनाअखेर कुलूप. खैरमोडे बाई त्या मंडळाच्या अधिकारी. आणि उपाय दाखवायचा होता मी.

म्हणजे, मी आणि हिरेमठ सर. सर माझे मार्गदर्शक. महाविद्यालयात मी पहिल्यांदा त्यांच्यापुढं उभी राहिले, तेव्हा त्यांनी माझे गुण विचारले नव्हते. तुमच्या घरचं पाणी कुठं जातं, असं विचारलं होतं. मी ओशाळून नाल्याचं नाव सांगितलं. तर म्हणाले, मग तुझा विषय तुझ्या दारातच वाहतोय. त्या एका वाक्यावर मी चार वर्षं काढली. शाई सांडलेल्या बोटांचा, खांद्याला खडूची भुकटी लागलेला हा शांत माणूस माझ्या लेखी ज्ञानाचं मूर्तिमंत रूप होता.

नान्नांनी, म्हणजे माझ्या वडिलांनी, रंगाऱ्यांच्या संघात माझ्यासाठी शब्द टाकला होता. त्यांचं नाव राजेशम इराबत्ती, फारसा न बोलणारा माणूस. नखांत निळा रंग कायमचा मुरलेला. त्या बैठकीत ते उभे राहून म्हणाले होते की बाहेरून यंत्र आणण्याआधी माझ्या लेकीची टाकी एकदा बघा. संघानं बघायचं ठरवलं. म्हणून त्या दुपारी गल्लीतले सारे रंगारी आमच्या अंगणाच्या भिंतीला टेकून उभे होते, लग्नातल्या वरपक्षासारखे, हात मागं बांधून.

संघाचे अध्यक्ष वड्डेपल्ली मामा. सख्खे मामा नव्हेत. गल्लीत त्यांना सगळे मामाच म्हणत. त्यांनी वर पाहिलं आणि बाईंना विचारलं, "सूर्यनारायणाला पण नोटीस पाठवली काय मॅडम तुम्ही?"

भिंतीकडून हसू आलं. बाईही ओठांच्या कडेनं हसल्या. मग म्हणाल्या की ढगांबद्दल लिहायला माझ्या कागदावर जागा नाही. मी चारपर्यंत थांबेन, जे दिसेल ते लिहीन. आवाजात कठोरपणा नव्हता. त्यामुळे वाद घालायचीही सोय राहिली नाही.

अम्मानं चहा आणला. सर कप हातात धरून बराच वेळ उभे राहिले, आणि न पिताच त्यांनी तो कट्ट्यावर ठेवला. त्यांच्या निवृत्तीला थोडाच काळ उरला होता. या काचेवर त्यांचं सगळं उत्तरायुष्य लागलं होतं, आणि या प्रात्यक्षिकाची बातमी त्यांनी स्वतःच दूरदूरच्या परिचितांना कळवली होती. हे मला ठाऊक होतं. म्हणून त्यांच्याकडे बघायचं मी टाळलं. आपल्या देवाच्या कपाळावर घाम दिसू नये, असं माणसाला वाटतं.

हात धुवायला पाणी कुठं आहे, असं सरांनी विचारलं. नान्नांनी आत बोट दाखवलं, आणि स्वतः खुर्च्या आणायला गेले. मी गच्चीवर गेले. पश्चिमेला आभाळाच्या कडेला एक उजळ चीर दिसत होती. ती रुंदावते का हे पाहत मी तिथं किती वेळ उभी होते, सांगता येणार नाही. चीर रुंदावली नाही. हळूहळू मिटली.

खाली उतरले तेव्हा अंगण गप्प होतं.

टाकीतला लाल रंग विरत चालला होता. आधी कोकमासारखा, मग धुतलेल्या तांदळाच्या पाण्यात कुंकवाचं बोट बुडवावं तसा, आणि माझ्या डोळ्यांदेखत तोही गेला. तळाच्या फरशीची रेघ दिसायला लागली. खैरमोडे बाई खुर्चीतून उठल्या. सर टाकीपाशी उभे होते, आणि त्यांच्या चेहऱ्यावर मी आनंद शोधला. तिथं दमणूक होती. मला वाटलं, इतक्या वर्षांच्या प्रतीक्षेनंतर आनंद असाच दिसत असेल.

कुणी टाळी वाजवली नाही. रंगारी भिंतीला टेकलेलेच होते, एकमेकांकडे न बघता. अम्मानं मात्र दारातून हात जोडले.

बाईंनी बाटलीत पाणी भरून घेतलं, उजेडाकडे धरलं आणि सरांना न विचारता मला विचारलं, "ऊन नसताना झालं हे?"

याच प्रश्नावर मी चार वर्षं काढली होती. प्रयोगशाळेत प्रत्येक नमुना आधी अंधारात ठेवायचा असतो. अंधारातच रंग गेला, तर समजायचं की काम उजेडाचं नाही, दुसऱ्याच कशाचं आहे. मी वाकले. पाण्यावरून एक दर्प वर आला, विझलेल्या काडीसारखा, घशाला झोंबणारा. त्या वासात मी लहानाची मोठी झाले. शाळेच्या दप्तराला, पोळीच्या फडक्याला, नान्नांच्या सदऱ्याला तोच वास असे. चुकून गडद झालेल्या सुताचा रंग उतरवायला डाईंगमध्ये एक पांढरी पूड ठेवतात. तिला हायड्रोज म्हणतात.

मी सरळ उभी राहिले, तोवर मला कळलं होतं. ही पूड इथं कुणाच्या डब्यात असते, आणि कुणाला माझं नाव जाण्याची भीती सर्वांत जास्त असेल, ते कळलं होतं. मी नान्नांकडे पाहिलं. ते हातातली खुर्ची न टेकवता उभे होते.

"मॅडम," मी म्हणाले, "हे आमच्या काचेनं केलेलं नाही."

"अनसूया," सर हलकेच म्हणाले, "ढगातूनही प्रकाश येतोच. विखुरलेला असतो इतकंच."

"सर, वास घ्या."

सरांनी वास घेतला नाही. बाई म्हणाल्या, "कसला वास? इथं सगळीकडेच येतोय."

मी त्यांना हायड्रोज म्हणजे काय ते सांगितलं. रंग दिसेनासा होतो, पण पाण्यातलं विष जात नाही. रंगाचे जे तुकडे होतात ते कधी रंगाहूनही वाईट असतात. लाल पाण्याला निदान जनावर तरी तोंड लावत नाही, असंही मी म्हणाले. माझा आवाज स्थिर होता. तो इतका स्थिर राहिला याचा मला त्या क्षणी अभिमानही वाटला.

"कुणी टाकलं?" बाईंनी विचारलं.

सरांनी चष्मा काढून रुमालानं पुसायला घेतला. मामांनी घसा खाकरला. पंप चालूच होता, ते पाणी काचेवरून उतरत होतं, आणि मला वाटत होतं की कुणीतरी तो बंद करावा.

नान्नांनी खुर्ची खाली ठेवली. "मी," ते म्हणाले.

बाईंनी त्यांच्याकडे पाहिलं. मग त्यांच्या हातांकडे. "का?"

"पोरीचं काम आहे, मॅडम. ढग आले."

एवढंच. बाईंनी बाटली टाकीत रिकामी केली आणि बूच लावून पिशवीत टाकली. म्हणाल्या की मी आज फक्त ढग होते असं लिहीन, बाकी काही पाहिलं नाही. नोटीस मात्र आहे तशी राहील. जाताना माझ्या खांद्यावर त्यांचा हात क्षणभर टेकला. सरही निघाले. मी त्यांच्याकडे पाहिलं, पण त्यांनी नान्नांना एक शब्दही सुनावला नाही, आणि मला ते त्यांचं औदार्य वाटलं.

संध्याकाळी घरात मी जे बोलले, ते अम्मानं ऐकलं आणि चुलीकडे तोंड फिरवलं. मी ओरडले नाही. ओरडले असते तर बरं झालं असतं. मी प्रत्येक शब्द निवडून बोलले, शिकलेल्या माणसासारखी. म्हणाले, चार वर्षं मी खरं मोजायला शिकले, नान्ना, आणि तुम्ही माझ्याच अंगणात मला खोटी पाडलीत. म्हणाले, सर आता माझ्याकडे कोणत्या नजरेनं पाहतील. म्हणाले, रंगाऱ्याला सगळं झाकूनच टाकायची सवय असते. हे शेवटचं वाक्य मला आधी सुचलं नव्हतं. ते बोलता बोलता आलं, आणि छान जमलं असं मला वाटलं.

नान्ना ताटावर बसले होते. त्यांनी माझ्या ताटाकडे हात केला. "जेवून घे, बिड्डा." बिड्डा म्हणजे लेक. आमच्या घरात ती हाक रागातही मऊच राही. मी जेवले नाही.

दुसऱ्या दिवशी मी विभागात गेले. सर खिडकीपाशी बसले होते. मी वडिलांच्या वतीनं त्यांची क्षमा मागितली आणि वाकून पाया पडले. सरांनी पाय मागं घेतले, झटकन, चटका बसावा तसे. मग म्हणाले, "असू दे, अनसूया. माणसं प्रेमापोटी काहीही करतात. तुझे वडील मोठे आहेत." मी रडले. इतकं होऊनही हा माणूस माझ्या बापाला मोठं म्हणतो, या विचारानं मला भरून आलं. सर खिडकीतून बाहेर पाहत राहिले.

रविवारी मार्कंडेयाच्या देवळात संघाची बैठक होती. आमच्या तेलुगू विणकरांच्या पद्मशाली समाजात कुणाच्या हातून चारचौघांचं नुकसान झालं, तर त्यानं बैठकीत उभं राहून ते बोलायचं, पान-सुपारी ठेवायची, आणि चारचौघांनी ती उचलली की गोष्ट संपली, अशी रीत आहे. नान्ना अंघोळ करून, धुतलेलं धोतर नेसून निघाले. हातात पिशवी होती, तिच्यात पानं होती. मी म्हणाले, मी येते. ते म्हणाले, बायका येत नाहीत तिथं. मी म्हणाले, चूक माझ्यासाठी झाली, तर बोलणारही मीच. ते दारात थांबले. काहीतरी सांगायला त्यांनी तोंड उघडलं, आणि माझा निश्चय पाहून मिटलं. वाटभर मी एक पाऊल मागं होते, म्हणजे आदरानं नव्हे. त्यांच्या बरोबरीनं चालायचं नव्हतं म्हणून.

सभामंडपात सतरंजीवर सगळे रंगारी बसले होते. महिनाअखेर कुंडं कशी रिकामी करायची, कामगारांनी कुठं जायचं, असं बोलणं चाललं होतं. आम्हांला पाहून ते थांबलं. नान्ना भिंतीकडे बसले. त्यांनी पिशवी उघडायच्या आत मी उभी राहिले.

मी चांगलं बोलले. मला चांगलं बोलता येतं. विश्वास हा शब्द मी वापरला, विज्ञान वापरला, डाग वापरला. म्हणाले की तुम्ही सगळ्यांनी माझ्या वडिलांच्या शब्दावर माझी टाकी लावू दिलीत; त्यांनी त्या शब्दाला बट्टा लावला. त्यांचा हेतू वाईट नव्हता, पण त्यांनी फसवणूक केली, आणि त्यांची मुलगी म्हणून मी तुम्हा सर्वांसमोर त्यांच्या कृत्याची माफी मागते. मी हात जोडले.

खाली मान घातलेली डोकी. मला वाटलं, माझ्या शब्दांनी सगळे हेलावले आहेत.

"बस खाली, बाळ," वड्डेपल्ली मामा म्हणाले.

"मामा, तुम्ही पान उचलल्याशिवाय मी बसणार नाही."

"कशाचं पान उचलू?" मामांनी नान्नांकडे पाहिलं. नान्नांनी मान हलवली, नको म्हणून. मामा तेलुगूत त्यांना काहीतरी म्हणाले, पोरगी बापाला सभेत उभं करते आणि तू गप्प बसायलास, अशा अर्थाचं. मग माझ्याकडे वळले. "हायड्रोज कसं टाकतात, ठाऊक आहे तुला?"

मला ठाऊक नव्हतं. नान्नांनी मला कधी कुंडाजवळ येऊ दिलं नव्हतं. तुझे हात पुस्तकाचे, असं म्हणायचे.

"पाणी आधी गरम करायचं. त्यात सोडा. मग चिमटी चिमटीनं, काठी फिरवत. कळतंय? वास येत नाही त्याला. आणि तुझ्या टाकीत काय होतं? गार पाणी, सोड्याचा पत्ता नाही, कोरडी पूड ओंजळभर एका जागी ओतलेली. काचेखाली ढेकळं साठलेली. वास गल्लीच्या तोंडापर्यंत." त्यांनी नान्नांकडे बोट केलं. "पोरी, तुझ्या बापानं टाकलं असतं, तर तुला कळलं असतं काय? तुला नाही, त्या बाईला नाही, सूर्यनारायणाला पण कळलं नसतं."

माझे हात अजून जोडलेलेच होते.

"आठवडाभर तुझे सर डाईंगमध्ये येत होते, टाकी बसवायला. तुझ्या बापानं बिघडलेल्या सुताचा रंग उतरवलेला त्यांनी बघितला, उभं राहून. डबा कुठला तेही विचारलं. आम्ही होतो की तिथं. हात धुवायला आत गेले ते, आणि बाहेर आले तेव्हा बाह्यांना पांढरं लागलेलं. पंप बघतो म्हणून टाकीवर वाकले, बाईंकडे पाठ करून."

"मग तुम्ही कुणी बोलला का नाहीत?" माझा आवाज मला ऐकू आला, तो स्थिर नव्हता.

"बोलायचं त्यांनी होतं. ते चष्मा पुसायलेत." मामांनी सतरंजीवरचा एक धागा उचलून बाजूला टाकला. "तुझा चार वर्षांचा सगळा अभ्यास त्यांच्या सहीला लटकलेला. आम्ही त्यांचं नाव घेतलं असतं, तर त्यांचं काय ते झालं असतं. तुझं काय झालं असतं? राजेशमनं खुर्ची ठेवली तेव्हाच आम्हांला कळलं, हा काय बोलणार ते. डाईंग तर जाणारच होती, आज नाही तर उद्या. ढग काय कुणी आणले नव्हते."

ती सही पुढं झाली. माझ्या प्रबंधाच्या पहिल्या पानावर ती आहे. मी ती नाकारली नाही. नाकारली असती, तर नान्नांनी अंगणात उच्चारलेला तो एक शब्द वाया गेला असता. सर आणि मी त्याबद्दल कधीही बोललो नाही. ते निवृत्त झाले, त्या समारंभात मी त्यांच्याबद्दल चार वाक्यं बोलले, आणि ती चारही खरी होती. आमच्या डाईंगची कुंडं त्याच महिन्यात कोरडी झाली. नान्ना नंतर एका सुताच्या दुकानात बसू लागले. त्यांच्या नखांतला निळा रंग जायला बरीच वर्षं लागली. मी पाणी तपासायचं काम करते, अजूनही, दुसऱ्या गावी. आणि माझ्या हाताखालच्या मुलांना मी सांगत नाही की मी वासावरून काही ओळखू शकते.

पण हे सगळं नंतरचं. त्या सकाळी मी सभामंडपात उभी होते, आणि माझ्या मनात एकाच गोष्टीची उजळणी चालू होती. भिंतीला टेकलेले ते सगळे. दारातली अम्मा. चष्मा पुसणारे सर. नान्नांच्या हातांकडे बघणाऱ्या बाई. त्या अंगणात माझ्या बापानं हे केलं, असं खरोखर मानणारं माणूस एकच होतं.

मी नान्नांकडे पाहिलं. ते रागावलेले नव्हते, दुखावलेलेही दिसत नव्हते. गुपित उघडं पडल्यावर माणूस ओशाळतो तसा त्यांचा चेहरा ओशाळला होता, जणू चूक त्यांचीच. ते सतरंजीवर थोडे सरकले आणि शेजारच्या जागेवर त्यांनी हात ठेवला.

मी बसले. मामांनी लगेच, जरा मोठ्यानंच, कुंडांच्या झाकणांचा विषय काढला. दुसऱ्या कुणीतरी तो उचलला. तिसऱ्यानं त्यात खोट काढली. सगळी सभा एकदम भांडायला लागली, भर सकाळी, झाकणांवरून. आणि त्या सबंध वेळात एकाही माणसानं माझ्याकडे वळून पाहिलं नाही. इतक्या जपून, इतक्या एकजुटीनं मला कुणी कधीच झाकलं नव्हतं.